गाण्याचा दुसरा भाग

२ ऑगस्ट, शनिवार

नवऱ्याच्या ऑपरेशनची अठ्ठावीस तारीख ठरली. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्रच काढून दाखवलं — हा घसा, ही गाठ, हे स्वरयंत्र, हे सगळं काढायचं. जासिंतो म्हणाला, "म्हणजे नळ ठेवणार आणि पाणी बंद करणार." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

नंतर बोलता येणार नाही. थोडं थोडं नाही, अजिबातच नाही. "जीव राहील, आवाज जाईल," बाई म्हणाल्या. चांगल्या आहेत. खोटं बोलल्या नाहीत.

बसमध्ये तो खिडकीशी बसून गुणगुणत होता. आता आवाज कसला, नुसती खरखर. पण सूर जागच्या जागी.

सव्वीस दिवस राहिले.

४ ऑगस्ट

रेडिओवरची बाई आली होती. रेजियानी नाव. चाळिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं गोड. 'आंब्याखालची दुपार' या रेकॉर्डवर कार्यक्रम करते आहे. त्या दुपारला या महिन्यात पन्नास वर्षं होतात म्हणे. माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं — असं तिला सांगितलं. साफ खोटं.

तिनं कव्हर जेवणाच्या टेबलावर ठेवलं. रेकॉर्ड ज्याची तो तुनिको सेराफिम आंब्याखाली खुर्ची उलटी करून बसलाय, मागे आम्ही बायका. मी अर्धीच आलेय, एक कान आणि केसातलं फूल. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं आहेत, तंबोरीन कुणी वाजवलं, बशीवर सुरी कुणी घासली, सगळं. आमच्यापुढे फक्त "कोरस: अंगणातल्या बायका".

"आज सांबा गाणाऱ्या कुणालाही विचारा, सगळे पहिलं नाव याच रेकॉर्डचं घेतात," ती म्हणाली. खरंच आहे. त्याआधी रेकॉर्डवर सांबा म्हणजे मागे चाळीस व्हायोलिनं आणि गाणारा सूट घालून. तुनिकोनं अख्खं आमचं अंगण उचलून स्टुडिओत नेलं. बायकांना मागे नाही, माइकच्या पुढे उभं केलं. नंतर सगळ्यांनी तेच केलं. आता कुणाला वाटणारही नाही की आधी तसं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "त्या दुपारी तुनिकोनं बारा गाणी निवडली. एखादं थोडक्यात राहिलं होतं का हो?"

जासिंतो स्वयंपाकघरात कॉफी करत होता. कॉफी तोच करतो, माझी त्याला पातळ लागते.

"आठवत नाही बाई," मी म्हणाले. चोराच्या मनात चांदणं! नंतर दहा मिनिटं मी उगीचच तिला पीठ कसं भाजायचं ते सांगत बसले.

५ ऑगस्ट

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.

आमच्या अंगणाचा एक नियम होता. अजून आहे, पण आता तो पाळण्याइतकी नवी गाणी येत नाहीत. गाणं करणारा मध्ये उभा राहतो आणि पहिला भाग म्हणतो. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा कोरसची पुढारी बाई हात वर करते आणि बायका गाणं उचलतात. उचललं की गाणं जगलं. मग तो दुसरा भाग म्हणतो. तो तोपर्यंत कुणी ऐकलेला नसतो, ऐकवायचाच नसतो. आणि बायकांनी उचललं नाही तर तो खाली बसतो. दुसरा भाग त्याच्याजवळच राहतो. ते गाणं त्यानं पुन्हा त्या अंगणात आणायचं नाही. कितीही मोठा माणूस असो. तुनिकोचीसुद्धा दोन गाणी आमच्या आईनं अशी झोपवली होती.

पुढारी बाई म्हणजे माझी आई, एर्मिन्या. त्या दुपारी ती घेवड्याच्या पातेल्यापाशी अडकली होती. मला म्हणाली, "ओंदिना, आज हात तू वर कर." मी बावीस वर्षांची. तुनिको समोर बसलेला, रेकॉर्डसाठी गाणी वेचत.

जासिंतो उभा राहिला. चोवीस वर्षांचा, हाताला चुन्याचे डाग. भिंती रंगवायचा तेव्हा, पुढेही तेच केलं. मी त्याच्याकडे दोन वर्षं बघत होते. तो बघत नव्हता. त्यानं पहिला भाग म्हटला:

निळं निशाण गिरकी घेई, अंगण उभं राही,
ज्याला त्याला तीच दिसे, दुसरं कुणी नाही.

आमच्या सांबा मंडळाचं निशाण घेऊन नाचायची रोझिल्दा. लांब मान, लांब हात. सगळं गाव तिच्यावर फिदा. ते निळं निशाण शिवलं होतं मी! तीन आठवडे, झालर हातानं लावून. तिचं निशाण मी शिवायचं, वर तिच्यावरचं गाणंही मीच उचलायचं?

चाल मात्र अशी होती की पहिल्यांदाच अंगावर काटा आला. मागे बायकांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. त्या माझ्या हाताची वाट बघत होत्या.

मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागले.

तिसऱ्यांदा म्हणून झालं. कुणीच उचललं नाही. त्यानं चौथ्यांदाही म्हटलं, जे कुणी करत नाही. मग हसला, टोपी काढली, बसला. तुनिकोनं दुसऱ्याकडे मान वळवली.

त्यानंतर जासिंतोनं एक गाणं केलं नाही. एकही नाही. आणि मी त्याला कधी सांगितलं नाही.

७ ऑगस्ट

आज सहज विचारावं तसं विचारलं — त्या तुझ्या निशाणाच्या गाण्याचा दुसरा भाग काय होता रे?

"कसलं गाणं?"

"सोंग नको करू."

"बायकांनी उचललं नाही त्याला दुसरा भाग नसतो."

"असतो. तुझ्याकडे आहे. मला सांग. अठ्ठावीसच्या आत सांग."

कॉफी ढवळत बसला. मग म्हणाला, "दुसरा भाग अंगणाचा असतो, ओंदिना. घरचा नसतो." आणि उठून गेला. हट्टी माणूस. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी याला एकदा वाकवलं असेल, तेही फ्रीजच्या रंगावरून.

१० ऑगस्ट, रविवार

बापांचा दिवस. जिल्मारा आली. बाबाला गळ्याशी मऊ शर्ट आणला, नंतर गळ्यात बसेल त्या श्वासाच्या नळीवर घालायला. विचार करून आणलेला. पोरीनं बाथरूममध्ये जाऊन डोळे धुतले ते मला कळलं.

दुपारी रोझिल्दा मक्याचा केक घेऊन हजर. दोन घरं सोडून राहते, त्यामुळे सुटका नाही. पंच्याहत्तर झाली, गुडघे गेले, मान अजून तेवढीच लांब. "जासिंतो, आवाज जाण्याआधी मला दोन शिव्या देऊन घे," म्हणाली. तो हसून हसून खोकला. मी म्हटलं, त्याला हसवू नकोस. "अगं, मग रडवू का?" हिच्यापुढे बोलून उपयोग नाही.

केक बरा होता. थोडा कोरडा.

खरं सांगायचं तर — तिनं सत्त्याहत्तर साली एका खलाशाशी लग्न केलं, आणि त्याच वर्षी जासिंतो आमच्या दारात उभा राहिला. मला हिशोब कळला. मी 'उरलेली'. त्यानं मला कधी तसं वागवलं नाही, एक दिवससुद्धा नाही. पण मनातला काटा मनातच राहिला. दर वेळी ती हसली की मी त्याच्याकडे बघते.

१३ ऑगस्ट

आज खरखरसुद्धा कमी झाली. पाणी मागताना दोनदा तोंड उघडलं तेव्हा आवाज आला. पंधरा दिवस.

एक वाट आहे. गाणं करणाऱ्यानं पुन्हा आणायचं नाही असा नियम आहे. पण बायकांनीच मागितलं तर? आईच्या वेळी एकदा असं झालं होतं, बायकांनी सहा महिन्यांनी एक गाणं परत मागून घेतलं होतं. आता कोरसची पुढारी आहे रोझिल्दा. गुडघे गेल्यावर निशाण सोडून कोरसमध्ये आली ती.

म्हणजे मला तिच्या दारात जाऊन, तिच्यावरचं गाणं तिलाच मागावं लागणार. देवाला चेष्टा करायला दुसरं कुणी मिळत नाही वाटतं.

१४ ऑगस्ट

गेले. तिला म्हटलं, त्या दुपारचं जासिंतोचं गाणं आठवतं का, निशाणाचं?

"कुठलं गाणं?"

मला वाटलं, आव आणते आहे. नाही! तिला खरंच आठवत नव्हतं. पन्नास वर्षं मी ज्यावर जळले ते हिच्या गावीही नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून पहिला भाग म्हटला. ती बटाटे सोलायची थांबली.

"हे माझ्यावर आहे?"

"मग आणखी कुणावर?"

"अगं बाई." सुरी खाली ठेवली. "माझ्यावर कुणी गाणं केलं हे कळायला पंच्याहत्तर वर्षं लागली. नवऱ्यानं तर साधं पत्र नाही लिहिलं." मग जरा वेळानं, "एवढं चांगलं गाणं बायकांनी उचललं का नाही ग?"

"काय माहीत," मी म्हणाले.

चोविसाव्या तारखेला रविवार आहे. ती म्हणाली, "बायका मागतील. मी मागायला लावते. पण तिसऱ्यांदा हात तू वर करायचास. त्याची बायको तू आहेस." जाताना माझ्या हातात सोललेले बटाटे दिले. मी का घेतले कुणास ठाऊक.

१७ ऑगस्ट

त्याला ताप. दिवसभर कपाळावर ओला फडका. मी बोलत राहिले, तो मान हलवत राहिला. आत्तापासून सराव, म्हटलं. चावट हसला.

२० ऑगस्ट

ताप उतरला. टोपीला ब्रश मारून ठेवला. त्याला सांगितलंय, रविवारी जेवायला जायचं. एवढंच.

२४ ऑगस्ट, रविवार

अंगण भरलेलं होतं. दर ऑगस्टसारखा आंबा मोहरलाय, टेबलावर, ताटांत, सगळीकडे मोहोर पडत होता. रेजियानी पण आली होती. मी तिला रेकॉर्डिंगचं यंत्र बंद ठेवायला सांगितलं, तिनं ठेवलं.

जेवणं झाली. टेबलाभोवती वाजवणारे बसले. दोन जुनी गाणी झाल्यावर रोझिल्दा खुर्ची धरून उठली. "जासिंतो, बायका एक गाणं मागतायत. पन्नास वर्षांपूर्वी आमची चूक झाली होती."

आमची! तिची कसली चूक. मला जमिनीत जावंसं वाटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. पांढराफटक झाला होता. त्याच्या आवाजात पहिला भाग म्हणणं शक्यच नव्हतं, म्हणून मी म्हटला. एकदा. दोनदा. तंबोरीनवाल्यानं चाल पकडली, कुणीतरी बशीवर सुरी सुरू केली. तिसऱ्यांदा मी हात वर केला.

त्यांनी उचललं. वीस बायकांनी एका श्वासात. काय सांगू! अख्खं अंगण उभं राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जसं वाटलं होतं तसंच, चांगलंच होतं ते गाणं, तेव्हाही चांगलंच होतं. जासिंतो टोपी छातीशी धरून रडत होता आणि हसत होता.

मग पहिला भाग संपला आणि सगळे थांबले. दुसरा भाग. वाद्यं हळू झाली. तो उभा राहिला, टेबलावर हात टेकला, तोंड उघडलं.

आवाज आला नाही. नुसती हवा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा वर आल्या. पुन्हा हवाच. मग त्यानं हात हलवून सांगितलं — राहू द्या, पहिलाच म्हणा. आणि बसला.

बायकांनी पहिला भागच म्हटला. किती वेळा म्हटला कुणास ठाऊक. कुणाला थांबवत नव्हतं. त्यानं टेबलावर शेवटपर्यंत ताल धरला.

मी उशीर केला. पन्नास वर्षं नाही, पाच महिने आधी केलं असतं तरी चाललं असतं. माझ्या मेल्या भिडेपायी अर्धंच गाणं झालं.

२६ ऑगस्ट

आज सांगितलं. उद्या दवाखान्यात भरती व्हायचंय, त्याची पिशवी भरत होते. पाठ फिरवूनच बोलले, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. म्हटलं, त्या दुपारी बायकांनी गाणं उचललं नाही ते माझ्यामुळे. हात माझा होता. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकले, पट्टा धडधाकट होता. रोझिल्दावरचं गाणं मला उचलायचं नव्हतं. जळत होते मी.

मी वळले. पलंगाच्या कडेला बसला होता, हात मांडीवर.

त्याचा आवाज रविवारनंतर थोडा परत आला होता. म्हणाला, "मला वाटलं, गाणंच वाईट होतं."

एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. पन्नास वर्षं हा माणूस लोकांच्या भिंती रंगवत राहिला, कारण त्याला वाटलं आपलं गाणंच वाईट होतं. आणि खरं काय ते मला माहीत होतं, तरी ते न सांगता रोज त्याला जेवायला वाढत होते मी.

२७ ऑगस्ट

भरती केलं. बोलला नाही. माझा हात सोडला पण नाही.

२८ ऑगस्ट

सात तास. जिल्मारानं मला दोनदा सँडविच दिलं, मी दोनदा पिशवीत ठेवलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या, टोपी काढली, म्हणाल्या, "सगळं निघालं. माणूस पक्का आहे."

त्याच्या तोंडून या जगातला शेवटचा शब्द निघाला तो 'वाईट होतं'. आणि तो मी काढायला लावला.

३१ ऑगस्ट

त्याला वही दिलीय. 'पाणी.' 'खिडकी.' 'उशी वर.' जिल्माराला एक पूर्ण वाक्य लिहिलं, 'शर्ट आवडला.' मला काहीच नाही. मी पुढे झाले की डोळे मिटतो. बहुधा औषधांमुळे. असं मीच मला सांगते.

२ सप्टेंबर

रोझिल्दा भेटायला आली होती. बाहेरच्या बाकावर मी तिलाही सगळं सांगून टाकलं, आता काय राहिलंय लपवायला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे पन्नास वर्षं तू माझा केक तोंड वाकडं करून खाल्लास, तो यासाठी?"

"केक कोरडाच असतो तुझा."

"मूर्ख आहेस. ठार मूर्ख." पण खांद्यावर हात ठेवून बसून राहिली, गुडघे दुखत असताना, वेळ संपेपर्यंत. मी रडले. तिच्यासमोर पहिल्यांदाच. मग म्हणाली, "तो मला कधी आवडला नव्हता हं. कान केवढाले आहेत." त्याही स्थितीत मला राग आला. माझ्या नवऱ्याच्या कानांना नावं ठेवायचं हिला काय कारण.

४ सप्टेंबर

आज नळी साफ करायला मला शिकवलं. मला जागा सापडत नव्हती. त्यानं माझं मनगट धरून योग्य जागी नेलं. अजून काही लिहिलं नाही.

५ सप्टेंबर

सकाळी गेले तर वही माझ्या खुर्चीवर उघडी ठेवलेली. तो माझ्याकडेच बघत होता.

निळं निशाण गिरकी घेई, अंगण उभं राही,
ज्याला त्याला तीच दिसे, दुसरं कुणी नाही.
मी मात्र त्या निशाणाची शिवण बघत राही —
ओठांत दोरा धरणारीला ठाऊकसुद्धा नाही.

खाली लिहिलं होतं: रविवारी अंगणात दुसरा भाग तू म्हण. खालच्या पट्टीत घे, वर तुझा आवाज फाटतो.